एसटीचे सात हजार की मामाचे बारा हजार?

शिरपूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी लिहिलंय. पत्र थोडं आटोपून देतो:

"नमस्कार भाऊ. मी ट्रक ड्रायव्हर. इंदूर-मुंबई लाइनवर गाडी चालवतो. पोऱ्या १९ वर्षांचा आहे. सरकारी आयटीआयमधून एक वर्षाचा मेकॅनिक डिझेल ट्रेड पास झाला. एसटीच्या धुळे विभागात शिकाऊ उमेदवाराच्या यादीत त्याचं नाव लागलंय. एक वर्ष काढायचं, महिन्याला सात हजाराच्या आसपास मिळतील म्हणतात. इकडे त्याच्या मामाचं हायवेला गॅरेज आहे, चार पोरं कामाला आहेत. मामा म्हणतो, उद्यापासून ये, बारा हजार देतो, वर्षात मिस्त्री करून सोडतो. घरावर कर्ज आहे, धाकटी बारावीला आहे. आमच्या गल्लीतला एक पोरगा असाच कुठल्याशा वर्कशॉपात शिकाऊ म्हणून गेला होता. वर्षभर झाडू मारला अन् घरी आला, नोकरी काही लागली नाही. त्यात आता बॅटरीच्या गाड्या येऊ लागल्या, मग डिझेल मिस्त्रीचं पुढे काय होणार? आते तुम्हीच सांगा भाऊ, पोऱ्याले कोठे धाडू?"

भाऊ, रामराम. उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. एसटीत धाडा. मामांचं गॅरेज पुढच्या वर्षीही तिथंच असणार आहे. यादीतलं नाव मात्र हजर व्हायची तारीख टळली की गेलं.

आधी पैशाचं बोलू, कारण पत्रात तुमचा जीव तिथंच अडकलेला दिसतो. महिन्याला पाच हजारांचा फरक म्हणजे वर्षाचे साठ हजार. कर्ज असलेल्या घरात ही रक्कम थोडी नाही आणि "शिक्षण महत्त्वाचं, पैसा काय, येतो नंतर" असं सांगून मी ती उडवून लावणार नाही. पण सात हजार हा आकडा कुठून आला ते बघा. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. त्याखालच्या नियमांत २०१९ साली बदल झाला आणि आयटीआयचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. दहावीवरून थेट आलेल्याला ६,०००. ही तळाची पट्टी आहे, यापेक्षा जास्त द्यायला कुणाला मनाई नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने या रकमांत ३६ टक्के वाढ करावी अशी शिफारसही केली. म्हणून सही करण्याआधी करारावर आकडा काय लिहिलाय तो पोराने स्वतः वाचावा. गल्लीत कोण काय सांगतं त्यावर जाऊ नये.

यातच एक बारीक गोष्ट आहे. केंद्राची २०१६ पासूनची एक प्रोत्साहन योजना आहे. तिच्यात बसणाऱ्या आस्थापनांत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार थेट मुलाच्या बँक खात्यात टाकतं. म्हणजे पैसे दोन वाटांनी, दोन वेगळ्या तारखांना येतात. बँक खातं आधारला जोडलेलं नसलं की दुसरा हिस्सा अडकतो आणि पोरगा घरी येऊन सांगतो, "मला कमी दिले." एसटीऐवजी एखाद्या खासगी वर्कशॉपात शिकायची वेळ आली तर हे आठवणीत ठेवा. बँकेचं काम मात्र आत्ताच करून टाका.

खर्चाचंही बघा. शिरपूर ते धुळं पन्नासेक किलोमीटर. रोज जाऊन-येऊन करायला दमवणारं आहे, पण खोलीचं भाडं अन् मेस भरण्यापेक्षा पास परवडतो. डबा घरचा. सातातले चार घरात यावेत अशी अपेक्षा ठेवू नका. या वर्षी त्याने स्वतःचा भार स्वतः उचलला तरी पुष्कळ झालं. बाकीची ओढाताण तुम्हालाच करावी लागणार, ते मला दिसतंय.

आता मामांचं गॅरेज. त्याला मी कमी लेखत नाही, उलट हात चालायला हायवेच्या गॅरेजासारखी दुसरी शाळा नाही. महिना-दोन महिन्यांत तुमचा पोरगा चाकाचा हब खोलून ग्रीस भरेल, ब्रेकचा लायनर बदलेल, जॉइंटचा क्रॉस ठोकून काढेल, कमानीचा तुटलेला पाटा बदलेल. रात्री दोन वाजता पळासनेरला उभ्या असलेल्या गाडीचा गिअर बॉक्स रस्त्यावरच उतरवायची वेळ आली, तर तेही शिकेल. एसटीच्या विभागीय कार्यशाळेत या वेगाने काम हातात पडणार नाही, हे मी आधीच कबूल करतो.

पण गॅरेजात गाडी येते ती मालकाच्या घाईसकट. रावेर-यावलची केळी भरलेली आहे, माल दिल्लीला पोचवायचाय, दर तासाला फोन. मिस्त्रीला सांगितलं जातं ते एवढंच: चालती करून दे. तो करून देतो, आणि झकास करून देतो. पण बेअरिंग का गेलं हे विचारायला ना त्याला सवड असते, ना ती गाडी परत त्याच्याकडे येते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या मॉडेलची गाडी उभी. पोरगा मोडलेलं जोडायला शिकतो.

एसटीच्या कामाची पद्धत मुळातच उलटी. एकाच बनावटीच्या पुष्कळ गाड्या, त्याच त्या मार्गांवर, रोज ठरलेले किलोमीटर. प्रत्येक गाडीची नोंद: शेवटचं ऑइल कधी बदललं, क्लच प्लेट कधी टाकली, ब्रेकचं काम कुणी केलं. डेपोत रोजची देखभाल, विभागीय कार्यशाळेत मोठी कामं. इथं पोराला दिसतं की साक्रीकडे घाटात चालणाऱ्या गाडीचे लायनर अन् सपाट रस्त्यावर चोपड्याला जाणाऱ्या गाडीचे लायनर एका वेळी संपत नाहीत. कोणता भाग कशाने झिजतो आणि मोडण्याआधी तो काय खुणा देतो, हे एका गाडीवर कधीच कळत नाही, शंभर सारख्या गाड्यांवर कळतं. मोडायच्या आधी पकडणं हे या धंद्यातलं खरं कसब. ज्या मालकाच्या वीस-पंचवीस गाड्या आहेत तो पगार त्याचाच देतो. गाडी रस्त्यात उभी राहिली तर काय खर्च होतो, हे तुम्हाला मी काय सांगू!

ब्रेकचंच घ्या. तुम्ही सेंधव्याकडून बिजासन घाट उतरता तेव्हा पाय कशावर विसंबून असतो? गॅरेजात ब्रेक सेट करतात तेव्हा काय होतं ते तुम्ही कितीदा पाहिलं असेल. चाक उचलायचं, स्लॅक ॲडजस्टरचा (ब्रेकची ढिलाई ठरवणाऱ्या भागाचा) बोल्ट चाक घासेपर्यंत आवळायचा, थोडा मागे घ्यायचा, हाताने चाक फिरवून बघायचं, "ओके उस्ताद." यात वाईट काही नाही, हात पक्का असेल तर अंदाजही बरोबर निघतो. आता तेच काम शिस्तीच्या वर्कशॉपात कसं होतं बघा. गाडी तपासणीच्या खड्ड्यावर, चाकांना पुढून-मागून ठोकळे. टाकीत हवेचं प्रेशर पूर्ण भरलेलं. एक पोरगा खाली उतरतो अन् ब्रेक चेंबरमधून (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्यातून) बाहेर येणाऱ्या दांड्यावर, अगदी चेंबरच्या तोंडाशी, खडूने रेघ मारतो. वरचा पोरगा पेडल दाबून धरतो. दांडा बाहेर सरकतो, रेघ चेंबरपासून लांब जाते, खालचा पट्टी लावून ते अंतर मोजतो अन् कागदावर लिहितो. मग दुसरं चाक. डावीकडे अन् उजवीकडे आकड्यांत फरक पडला तर उतारावर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढणार. तुमच्या स्टेअरिंगला जी ओढ लागते ना, ती अशी आधीच कागदावर दिसते. मग इंजिन बंद करून, पेडल दाबून धरून, काट्याकडे बघत बसायचं. काटा हळूहळू खाली येत असेल तर हवा कुठेतरी चाललीय. साबणाचं पाणी घेऊन एकेक जॉइंट तपासायचा. कंटाळवाणं काम आहे, यात कुणाला मर्दुमकी वाटत नाही. पण हे वीस-तीस गाड्यांवर केलेला पोरगा पुढे कुठल्याही गाडीखाली शिरला तरी आधी मोजतो, मग आवळतो.

आणि ब्रेकवरच आहोत तर एक धोक्याचं सांगतो, हे त्याला वाचून दाखवा. मागच्या एक्सलवरच्या चेंबरमध्ये हँडब्रेकची जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. हवा असेपर्यंत ती मागे राहते, हवा गेली की ब्रेक लावते, म्हणून तर प्रेशर उतरलं की गाडी जागेवर जाम होते. त्या स्प्रिंगला आधी बोल्टने बांधून घेतल्याशिवाय चेंबरची पट्टी खोलली तर झाकण तोफेच्या गोळ्यासारखं सुटतं. समोर डोकं असेल तर दवाखान्यात न्यायचीही वेळ येत नाही. लॉक रिंगच्या चाकात हवा भरताना समोर उभं राहणं, टिपरचा हौद वर करून त्याला आधार न देता खाली वाकणं, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी न लावता शिरणं, ही सगळी त्याच जातीची कामं. घाईच्या जागी "होतं रे, काही नाही होत" म्हणणारे उस्ताद फार भेटतात. तुमच्या पोराने पहिल्या वर्षी निदान नाही म्हणायला शिकावं.

इथं कायद्याचाही एक फरक आहे. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे कामगारांचे बरेच हक्क त्याला लागू होत नाहीत. पण कारखान्यात शिकणाऱ्या मुलाला कारखान्यांसाठीचे आरोग्य, सुरक्षा अन् कल्याणाचे नियम लागू होतात आणि प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाई द्यायची जबाबदारी मालकावर असते. करार शिकाऊंच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेला असतो, म्हणजे तो तिथं होता याला पुरावा असतो. मामांकडे इजा झाली तर मामा दवाखान्याचा खर्च करतील, मला शंका नाही. पण ते नात्यावर झालं. गॅरेजातल्या बाकीच्या पोरांचं काय, हे त्यांना कधीतरी विचारा. खरं तर चार किंवा जास्त माणसं कामाला असलेलं गॅरेजही मनात आणलं तर पोर्टलवर नोंदणी करून रीतसर शिकाऊ ठेवू शकतं. तीस किंवा जास्त माणसं असली की तर ठेवावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. मामांच्या कानावर घालून ठेवा, पण ते लगेच उठून नोंदणी करतील अशी आशा मला नाही.

गल्लीतल्या पोराच्या झाडूबद्दल. दोन्ही बाजूंनी बोलतो. वर्कशॉपात फरशीवर ऑइल सांडलं तर ते पुसणं हे कामच आहे, कमीपणा नाही. पहिले पंधरा-वीस दिवस पोराला पाने ओळखायला लावतात, पार्ट डिझेलने धुवायला लावतात. पार्ट धुताना तो कसा दिसतो, कुठे घासलाय, कुठे निळा पडलाय, हे बघायचं असतं. ज्याने बघितलं तो शिकला, ज्याने नुसता धुतला त्याचे हात काळे झाले. पण वर्षभर झाडू अन् चहा, हे प्रशिक्षण नव्हे. तसं होत असेल तर गप्प बसायचं नाही, भांडायचंही नाही. त्याने पहिल्या दिवसापासून वही ठेवावी: तारीख, गाडीचा नंबर, काय खोललं, काय आढळलं, काय बदललं, कुणी दाखवलं. केलेल्या कामाची नोंद शिकाऊने ठेवायचीच असते, त्यावर वरच्याची सही घ्यायची असते. दोन महिने झाले अन् वहीत एकाच विभागाचं काम दिसत असेल, तर तीच वही घेऊन प्रशिक्षण बघणाऱ्या साहेबांकडे जायचं: "सर, इंजिनचं झालं, मला एक्सल-ब्रेकला टाका, मग इलेक्ट्रिकलला." तोंडी तक्रार करणारा पोरगा साहेबाला नकोसा होतो, वही दाखवणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं. तरीही ढिम्म हललं नाही, तर आयटीआयशी जोडलेलं मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र असतं, पोरं त्याला बीटीआरआय म्हणतात. शिकाऊंची देखरेख तिथून होते. अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची.

इंजिनच्या कामात कुठे उभं राहायचं तेही सांगतो. जिथं मोजमाप चाललंय तिथं. क्रँक कुणी मायक्रोमीटरने मोजत असेल, हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने क्रमाने आवळत असेल, तर चहाची सुट्टी सोडून तिथं उभं राहावं. आवळायला ताकद सगळ्यांकडे असते.

मग वर्षानंतर नोकरी? इथं तुमची फसवणूक करणार नाही. शिकाऊ उमेदवारी संपली की मालकाने नोकरी दिलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. कुणाला घ्यायचं याचं धोरण मालकाने स्वतः ठरवायचं, असं कलम २२ सांगतं. करारातच तशी अट असेल तर गोष्ट वेगळी. १९९५ साली उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एवढं म्हटलं, की थेट भरती होताना बाकी सगळं सारखं असेल तर प्रशिक्षण घेतलेल्या शिकाऊला प्राधान्य द्यावं. प्राधान्य म्हणजे नेमणूक नव्हे आणि त्यासाठी आधी भरती निघावी लागते. म्हणून "एसटीत चिकटेल" हे डोक्यातून काढूनच त्याला पाठवा. गल्लीतला पोरगा नोकरी लागली नाही म्हणून हरला असं तुम्हाला वाटतं. मला विचारायचंय, वर्षाच्या शेवटी त्याने परीक्षा दिली का? राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र हातात घेतलं का? कितीतरी पोरं शेवटच्या महिन्यात कंटाळून हजेरी बुडवतात, परीक्षेला बसत नाहीत आणि वर्ष वाया घालवतात. तुमच्या पोराकडे आयटीआयचं एक प्रमाणपत्र आहे, हे दुसरं झालं की अधिकृत वर्कशॉप, खडी-क्रशरवाले, रस्ते बांधणाऱ्या कंपन्या यांच्या दारात त्याला आधी आत घेतलं जातं. बारा हजार देणाऱ्या मामांकडे वर्षाच्या शेवटी असा कागद नाही. मामांचा शब्द चालतो तो सोनगीरपासून पळासनेरपर्यंत.

भुसावळचंही कानावर असू द्या. मध्य रेल्वे दरवर्षी शिकाऊ घेते, त्यात भुसावळ विभाग असतो. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांना लेव्हल-१ च्या, म्हणजे सर्वात खालच्या श्रेणीच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. पण ते ट्रकचं काम नव्हे, आणि तुमच्या पोराला गाडीच आवडते असं पत्रावरून वाटतं. शिवाय एकदा एका ट्रेडची शिकाऊ उमेदवारी पूर्ण केली की तीच पुन्हा दुसरीकडे करू देत नाहीत. तेव्हा रेल्वेच करायची असेल तर एसटीच्या करारावर सही करण्याआधी त्याला नीट विचारा.

बॅटरीच्या गाड्यांची भीती तुम्ही घातली आहे. एसटीतही विजेच्या बस आल्याच आहेत. पण रस्त्यावर आज धावणाऱ्या डिझेल ट्रकचं आयुष्य मोठं असतं आणि बॅटरीच्या गाडीलाही एक्सल, हब, कमान, स्टेअरिंग, हवेचे ब्रेक लागतातच. डिझेल मिस्त्रीला खरा धक्का बॅटरीने दिलेला नाही, तो आधीच बसलाय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, आले तेव्हा. तुमच्याकडे नवी गाडी असेल तर माहीतच आहे: धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी, सायलेन्सरजवळ सेन्सर, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की थोड्या वेळाने गाडी चढाला ओढतच नाही. जुना मिस्त्री अशा वेळी डिझेल फिल्टर बदलतो, पंपाकडे बघतो, शेवटी हात वर करतो. स्कॅनर (गाडीतला बिघाड दाखवणारं यंत्र) लावता येणारा पोरगा आधी बिघाडाचा कोड वाचतो, मग युरिया फवारणारं नोझल काढून बघतो. त्यावर पांढरा खडा जमलेला असतो, भेसळीचा युरिया भरला की हे हमखास. नोझल साफ, वायर तपासली, दिवा गेला. यात ताकद लागत नाही, वायरिंगचा नकाशा वाचता यावा लागतो. कुणी डबा लावून ती यंत्रणाच बंद करून देणारेही आहेत. ते बेकायदा आहे आणि पोराने तो धंदा शिकू नये.

हे सगळं एसटीत एका वर्षात पुरतं शिकायला मिळेल का? पुरतं नाही. म्हणून माझ्या डोक्यात क्रम असा आहे: हे वर्ष एसटी. नंतर दोन-तीन वर्षं टाटा, लेलँड, आयशर अशा कुठल्या तरी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात, जळगावला किंवा धुळ्यालाच, पगार मनासारखा नसला तरी. तिथं स्कॅनर हातात येतो आणि कंपनीचं प्रशिक्षण मिळतं. मग मामांकडे. तोवर मामांनाही असा माणूस लागणार आहे, कारण बीएस-६ च्या गाड्या त्यांच्या दारावरून पुढे निघून जातात हे त्यांना आजच दिसत असणार. तेव्हा तो कामाला पोरगा म्हणून जाणार नाही, भागीदार म्हणून बोलणी करू शकेल. एसटीच्या वर्षात सुट्टीच्या दिवशी मामांकडे जाऊन बसायला हरकत नाही. मात्र दर सुट्टीला नको, त्याला झोपही लागते.

एक काम तुम्हीच करू शकता. लायसन्स. मिस्त्रीला गाडी ट्रायलला न्यावी लागते आणि आपल्याकडे बिनलायसन्सची पोरं बिनदिक्कत ट्रक यार्डाबाहेर काढतात. काही घडलं तर विमा हात वर करतो. कायद्याने वाहतुकीची गाडी रस्त्यावर चालवायला वय २० पूर्ण लागतं आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स निदान एक वर्ष जुनं असावं लागतं. पोरगा १९ चा आहे. नसेल काढलं तर याच महिन्यात हलक्याचं काढा. शिकाऊ वर्ष संपेल तेव्हा तो अवजडच्या शिकाऊ लायसन्सला लायक झालेला असेल. शिकवायला तुमच्याइतका चांगला माणूस त्याला कुठे मिळणार?

हजर होताना आयटीआयची गुणपत्रिका अन् प्रमाणपत्र, दहावीची सनद, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, बँक पासबुक, लागू असेल तर जातीचा दाखला, सगळ्याच्या मूळ प्रती अन् दोन-दोन झेरॉक्स. पोर्टलवर नोंदवलेलं नाव अन् आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते आदल्या दिवशी नाही, आठ दिवस आधी बघा. आपल्याकडे निम्मी पोरं बापाच्या नावाच्या स्पेलिंगवर अडकतात. पायात चप्पल घालून जाऊ नको म्हणावं, जाड तळव्याचे बूट घ्या. पहिल्या पगाराची वाट बघू नका त्यासाठी.

राहिले मामा. त्यांना फोनवर कळवू नका. पुढच्या फेरीला गॅरेजवर थांबा, पोराला बरोबर घ्या अन् त्यालाच बोलू द्या. बारा हजारांचा शब्द त्यांनी भाच्याच्या मायेपोटी दिलाय, "आम्हाला सरकारी बरं वाटलं" असं ऐकून माणूस दुखावतो. त्यांना विचारा, "तुमच्याकडे बीएस-६ ची गाडी आली तर तुम्ही काय करता?" पुढची अर्धी बोलणी तेच करतील.